सोलापूरची चिमणी आणि आकाशमार्गाचा वेध

इतिहाससंशोधकानें जुन्या कागदांत रमावें, कालपरवाच्या गोष्टींत पडूं नये, असा एक समज आपल्या मंडळींत रूढ आहे. तो सर्वस्वी चुकीचा आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु आजचा निरर्थक कागद उद्यां दुर्मिळ होतो, हा अनुभव पोथ्या जमविणाऱ्या प्रत्येकास आहे. म्हणून दि. 15 जून 2023 रोजीं सोलापुरांत घडलेल्या एका गोष्टीची हकीगत येथें मांडण्याचें योजिलें आहे. त्या दिवशीं श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारें 90 मीटर उंचीची चिमणी कडेकोट पोलीस बंदोबस्तांत पाडण्यांत आली. ती उभी होती तोंवर होटगी रस्त्यावरील विमानतळावरून प्रवासी विमानांची नियमित ये-जा सुरू करतां येत नव्हती.

प्रथम शब्दाविषयीं थोडेंसें. चिमणी हा पक्षिवाचक शब्द आपला जुना. धुराड्यास तो इंग्रजी नांवाच्या उच्चारसाम्यानें चिकटला, व पुढें रॉकेलच्या दिव्यासही मिळाला. सोलापुरास धुराडें नवें नाहीं. जुनी गिरणी 1877 सालीं सुरू झाली, तेव्हांपासून गांवाची ओळख दुरून दिसणाऱ्या धुराड्यांनीं व भोंग्यांनींच होत आली. भोंग्यावर घड्याळ लावणारीं कुटुंबें मीं पाहिलीं आहेत. माझ्या वर्गांतील निम्मीं मुलें त्याच घरांतून येत. तेव्हां उंच चिमणी म्हणजे भरभराट, असेंच या गांवच्या मनांत ठसलें होतें. तीच चिमणी अडथळा कशी ठरली, हा येथील प्रश्न आहे.

वास्तुविद्येंत वेध नांवाचा दोष सांगितला आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या वास्तुविद्याध्यायांत, दारासमोर रस्ता, वृक्ष, कोपरा, विहीर वा खांब आल्यास तें द्वार अशुभ मानिलें आहे. मात्र उंचीच्या दुप्पट भूमि मध्यें सोडली असल्यास दोष नाहीं, अशी सवलतही दिली आहे. हा आधार पाहून आपल्या पूर्वजांना विमानशास्त्र अवगत होतें असें कोणी म्हणूं लागेल, तर त्यास मी आधींच हात जोडतों. वराहमिहिर घराच्या दाराविषयीं बोलत आहे, विमानाविषयीं नव्हे. मात्र अडथळ्याचा दोष त्याच्या उंचीवर एकट्यावर नसून उंची व अंतर यांच्या प्रमाणावर आहे, हें तत्त्व दोहींकडे एकच आहे.

आधुनिक विमानतळाचें माप पाहा. 1944 च्या शिकागो कराराचें चौदावें परिशिष्ट, जें 1951 त प्रथम स्वीकारलें गेलें, त्यांत धावपट्टीभोंवतीं कांहीं काल्पनिक पृष्ठें कल्पिलीं आहेत. त्यांच्या वर कोणतीही वस्तु डोकावतां कामा नये. मोठ्या धावपट्टीभोंवतीं साधारण 4 किलोमीटरपर्यंत 45 मीटर उंचीवर एक आडवें पृष्ठ असतें. धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडून विमान उतरण्याच्या दिशेस दुसरें पृष्ठ हलकें चढत जातें. उपकरणांच्या साह्यानें उतरण्याच्या धावपट्टीस तो चढ 50 मीटरांस 1 मीटर इतकाच. म्हणजे 3 किलोमीटर दूर गेलें तरी अवघी 60 मीटर उंची वाट्यास येते. वराहमिहिराच्या मापानें 90 मीटरांच्या खांबास 180 मीटर मोकळी भूमि पुरली असती. या मापानें 3 किलोमीटरही अपुरे. आपली चिमणी तर विमानतळाच्या शेजारींच, कुमठ्याच्या हद्दींत होती.

धुराड्याहूनही फसवा अडथळा म्हणजे रेडिओचा मनोरा. धुराडें जाड असतें, दिवसां तरी दिसतें. रेडिओचा स्तंभ सडपातळ, आणि त्यास ताणून धरणाऱ्या तारा चहूंकडे दूरवर पसरलेल्या. स्तंभ चुकविला तरी तार चुकतेच असें नाहीं. म्हणून त्यावर लाल-पांढरे पट्टे व रात्रीं दिवे असावे लागतात. शिवाय त्याची उंची कोणाच्या लहरीनें कमी करतां येत नाहीं. मध्यम लहरींच्या केंद्रांत स्तंभ हाच प्रक्षेपक असतो व त्याची उंची लहरीच्या लांबीशीं बांधलेली असते. अमेरिकेंत लॉस एंजेलिसजवळ ला मिराडा येथें केएफआय केंद्राचा 1948 सालचा स्तंभ होता. केंद्राची कंप्रता 640 किलोहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी सुमारें 469 मीटर; तिचा अर्धा भाग सुमारें 234 मीटर, आणि स्तंभ जवळजवळ तेवढाच उंच. जवळच फुलर्टन येथें लहान विमानांचा तळ. दि. 19 डिसेंबर 2004 रोजीं एक सेस्ना विमान भर दिवसा त्या स्तंभावर आदळलें. विमानांतील दोघेही मृत्यू पावले व स्तंभ कोसळला. त्या जागीं उभारला जाणारा नवा स्तंभ मार्च 2008 त बांधकामांतच पडला, आणि अखेर त्याच वर्षीं पूर्वीपेक्षां ठेंगणा स्तंभ उभा राहिला. डोळ्यांनीं पाहून उडणाऱ्या लहान विमानांचा वैमानिक नकाशा, खिडकी व पुढील सूर्य या तिन्हींशीं एकदम झगडत असतो. ज्यास आपण निष्काळजीपणा म्हणतों त्यांतील पुष्कळसा भाग याच झगड्याचा असतो.

आतां आपल्या प्रकरणाकडे वळूं. विमानतळालगतचीं बांधकामें व झाडें यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारास 1934 च्या विमान अधिनियमांत 1972 त घातलेल्या कलमानें मिळाला. अडथळे पाडण्याचे नियम 1994 त झाले. (तो अधिनियम आतां राहिला नाहीं, 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम, 2024 लागू आहे.) होटगी रस्त्याची धावपट्टी आधींची, सहवीजनिर्मितीची चिमणी 2010 नंतरच्या चार-पांच वर्षांतली. पूर्वापरतेचा प्रश्न एवढाच असता तर निकाल सोपा होता. परंतु धावपट्टी असूनही विमान येत नव्हतें. किंगफिशर कंपनीची मुंबईची सेवा कांहीं काळ चालली, थांबली, आणि 2012 त कंपनीच मोडली. ओस पडलेल्या धावपट्टीजवळ कोणी उंच बांधलें तर त्याची दखल कोण घेणार? 2016 त उडान योजना आली, सोलापूरचें नांव तींत आलें, तेव्हां कोठें चिमणीची उंची मोजली जाऊं लागली. मग नोटिसा, हरकती, न्यायालयें, उपोषणें. एका बाजूस विमानसेवा मागणारे नागरिक, दुसऱ्या बाजूस ऊस घालणारे सभासद.

सभासदांचें दुःख मला खोटें वाटत नाहीं. उसाच्या चिपाडावर वीज करून कारखान्यास जोड उत्पन्न मिळावें, हा हेतु चांगला होता, व त्यांत शेतकऱ्याचाच पैसा गुंतला होता. बोरामणीचा नवा विमानतळ करा, म्हणजे चिमणीही राहील, असें त्या पक्षाचें म्हणणें. पण बोरामणीची वाट माळढोकानें अडविली. नान्नजचें माळढोक अभयारण्य 1979 सालचें. त्या पक्ष्याच्या माळरानाचा प्रश्न तेथें आडवा आला. योगायोग असा कीं, माळढोक स्वतःच आकाशांतील अडथळ्यांचा बळी आहे. त्यास समोरचें फार थोडें दिसतें, शरीर जड, आणि विजेच्या तारा ऐनवेळीं चुकवितां येत नाहींत. राजस्थान व गुजराथ येथील तारांविषयीं सर्वोच्च न्यायालयास 2021 त हुकूम द्यावा लागला तो याचसाठीं. तरीही माझें मत विचाराल तर, जेथें उतरत्या विमानांतील माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे तेथें चिमणी जाणें अटळ होतें. ती बांधूं दिली तेव्हांच ती रोखली पाहिजे होती, व तेव्हां जे गप्प राहिले त्यांचा जाब कोणींच विचारला नाहीं, हें शल्य मात्र राहतें.

पाडण्याच्या दिवशीं मी घराच्या गच्चीवर होतों. धुळीचा लोट दिसला, आवाज मागाहून आला. शेजारचा एक वृद्ध सभासद खालीं बसून राहिला व कांहीं बोलला नाहीं. पुढें दि. 29 सप्टेंबर 2024 रोजीं पंतप्रधानांनीं दूरदृश्य पद्धतीनें विमानतळाचें उद्‌घाटन केलें, दि. 9 जून 2025 रोजीं गोव्याची विमानसेवा सुरू झाली, व त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मुंबईची.

या प्रकरणाचे कागद आज विस्कळीत आहेत. कारखान्याचे छापील वार्षिक अहवाल, सभांचीं हस्तपत्रकें, उपोषणाच्या वेळचीं निवेदनें, दोन्ही पक्षांच्या नोटिसांच्या नकला, स्थानिक वृत्तपत्रांचीं कात्रणें यांपैकीं पुष्कळसें रद्दींत गेलें आहे. मला स्वतःला दोन अहवाल किराणा दुकानदाराच्या गठ्ठ्यांत मिळाले, एकाचें मुखपृष्ठ तेलानें भिजलेलें. चिमणी उभी असतांनाचीं, तारीख घातलेलीं छायाचित्रें तर फारच थोडीं. ज्यांच्या संग्रहीं असें कांहीं असेल त्यांनीं मूळ आपल्याजवळ ठेवून नक्कल मंडळाच्या दप्तरांत द्यावी, व छायाचित्राच्या पाठीवर तें कोणत्या दिशेनें घेतलें हें पेन्सिलीनें लिहावें.