झाड जुलैत, सुट्टी मे महिन्यात

आज राजे नाहीत, लढाया नाहीत, वाकाटकांचा ताम्रपटही नाही (वाशिमचा ताम्रपट आपण नंतर कधीतरी घेऊच). आजचा इतिहास तारखांचा आहे. कॉलेजच्या पोरांनी झाडं कधी लावायची, पर्यावरणाचे कार्यक्रम कधी करायचे, हे कोणी आणि कसं ठरवलं, त्याचा.

सुरुवात सप्टेंबर १९६९ पासून करू. त्या एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या, ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

पहिली अमेरिकेत. त्या वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या किनाऱ्याजवळ तेलविहीर फुटली आणि तेल समुद्रभर पसरलं. सप्टेंबरमध्ये गेलॉर्ड नेल्सन नावाच्या सिनेटरने जाहीर केलं की, पुढच्या वसंतात देशभरातल्या कॉलेजांत पर्यावरणावर चर्चेचा एक दिवस ठेवू. व्हिएतनाम युद्धाविरोधात विद्यार्थी कॅम्पसवर ज्या सभा भरवायचे, तिथून ही कल्पना आली. संयोजक होता डेनिस हेस, वय २५ वर्षं. तारीख ठरली २२ एप्रिल १९७०. का? तर तिकडे तोवर वसंतातली सुट्टी संपलेली असते आणि वार्षिक परीक्षा सुरू झालेली नसते. म्हणजे पोरं कॅम्पसवर सापडतात! त्या दिवशी सुमारे २ कोटी लोक सामील झाले. आपण स्टेटसला ठेवतो तो वसुंधरा दिन हाच.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. २४ सप्टेंबर १९६९, गांधीजींचं जन्मशताब्दी वर्ष. ३७ विद्यापीठं आणि ४०,००० विद्यार्थी घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आपल्या भाषेत रासेयो. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांचे २४० तास, आणि सात दिवसांचं गावातलं शिबिर. तीनच वर्षांत महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला, आणि शिबिरांचा विषय बदलला. आधी दुष्काळाविरुद्ध युवक, मग वृक्षलागवडीसाठी युवक, पुढे पाणलोट विकास. मला यातली गंमत वाटते ती ही, की 'पर्यावरण' हा शब्द कॉलेजच्या नोटीस बोर्डावर फारसा दिसायच्या आधीच पोरं फावडं घेऊन शेताच्या बांधावर पोचली होती.

पुस्तक नंतर आलं. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सांगितलं की पर्यावरण हा विषय शिकवलाच पाहिजे. प्रत्यक्ष यायला २००४ उजाडलं. पुण्याचे डॉ. इराक भरुचा यांनी पदवीसाठीचं पाठ्यपुस्तक लिहिलं. मूळ आराखड्यात ५० तास होते, त्यातले ५ तास वर्गाबाहेरच्या कामाला. १०० पैकी २५ मार्क त्या कामाचे. पाच तास! तेवढ्यात आमच्याकडे खड्डे खोदून फोटो होतात, बाकी काही होत नाही.

आता या सगळ्या तारखा वाशिमच्या उन्हात ठेवून बघा.

२२ एप्रिल: आपल्याकडे उन्हाळी परीक्षेचा माहोल. ५ जून, म्हणजे १९७२ ची स्टॉकहोम परिषद सुरू झाली तो दिवस: कॉलेजला कुलूप. १ जुलै: वनमहोत्सवाचा पहिला दिवस, वसंतराव नाईकांची जयंती म्हणून कृषिदिन, आणि १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेल्या वाशिम जिल्ह्याचा वाढदिवसही. त्या दिवशी झाडं लागतात, भरपूर लागतात. पाऊस असतो, पाहुणे असतात. पण रोपाची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा ते लावणारे सगळे गावी. म्हणून त्याच खड्ड्यात दरवर्षी नवं रोप, हा विनोद तुम्हीही ऐकला असेल.

माझी मामेबहीण आपल्याच जिल्ह्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तिने मला फोन केला आणि म्हणाली, "दादा, झाड लावल्याचे मार्क आहेत, जगवल्याचे कुठं आहेत?" मी दिवसभर सॉफ्टवेअरमधले बग शोधतो, पण इतका नेमका बग मला क्वचितच कोणी दाखवलाय.

तिने झाडं बाजूला ठेवली आणि वनराई बंधारा घेतला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात वाळू-माती, तोंड शिवायचं, आणि पाऊस संपता संपता वाहत्या नाल्यात आडव्या रचायच्या. पाणी थांबतं, मुरतं, आसपासच्या विहिरींना हरभऱ्या-गव्हापुरता आधार मिळतो. आपला जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलाय. काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेकडे, म्हणजे तापीमार्गे अरबी समुद्राकडे जाते. पूस आणि पैनगंगा दुसरीकडे, वर्धा-गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराकडे. पाऊस पडतो इथं, पाणी पळतं दोन्ही बाजूंना. आणि हा बंधारा पुढच्या पावसात वाहून जातो, दरवर्षी नव्याने बांधावा लागतो. ज्या कॉलेजात दरवर्षी पोरं बदलतात, तिथं याहून सोयीचं काम मला तरी दिसत नाही.

अडचण एकच. सेमिस्टर पद्धत आल्यापासून हिवाळी परीक्षा दिवाळीच्या मागेपुढे येते. शिबिर जानेवारी-फेब्रुवारीत ढकललं जातं, आणि तोवर नाल्याची धार बारीक झालेली असते. मग गोण्या रचायच्या कशासाठी?

तर या पोरांनी शिबिराची वाट बघायची नाही असं ठरवलं. १२० तास काही फक्त शिबिराचे नसतात. कार्यक्रम अधिकारी सरांकडे जाऊन ऑक्टोबरचे दोन रविवार मागितले. सर म्हणाले, गोण्या तुम्ही जमवा. सध्या ती गावातल्या प्रत्येक नव्या बांधकामावर जाऊन रिकाम्या गोण्या मागतेय, आणि घरचे विचारतात की ही पोरगी शिकते की भंगार गोळा करते.

तुमच्या कॉलेजजवळ एखादा नाला असेल, तर ऑक्टोबरमध्ये त्याला पाणी असतं का, तेवढं बघून मला कळवा. भेटू पुढच्या भागात.