गळालेलं शून्य

पिंपळगाव बसवंतच्या एका कॉलेजात गणितावर बोलायला गेलो होतो. विषय कापरेकर स्थिरांक. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावायचे, मग चढत्या. मोठ्या संख्येतून लहान वजा करायची आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच, शेवटी ६१७४ च यायला हवं. पहिल्या बाकावरून गावाच्या पिनकोडचे शेवटचे चार अंक आले, २२०९. पायथननं पडद्यावर भराभर ओळी उमटवल्या: ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. मुलं खूश झाली. मग मागच्या बाकावरून एका मुलीनं २१११ सांगितली. पडद्यावर आलं ९९९ आणि पुढच्या ओळीत नुसतं ०.

मला दरदरून घाम फुटला. ती मुलगी उठली आणि खडू घेऊन तिनं फळ्यावर वजाबाकी मांडली. "सर, ०९९९ आलंय. तुमच्या प्रोग्रॅमनं पुढचं शून्य गाळलं." चार घरं राखली की ९९९० वजा ०९९९, म्हणजे ८९९१, पुढची वाट २२०९ चीच.

घरी परतताना मनात आलं, गणित सांगता सांगता यंत्र सगळ्यांसमोर चालवून दाखवायची ही रीत आली कुठून?

सापडलेला सर्वांत जुना धागा ११ सप्टेंबर १९४० चा आहे. अमेरिकेतल्या हॅनोव्हर गावी, डार्टमथ कॉलेजात, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक भरली होती. बेल लॅब्सच्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी संमिश्र संख्यांची आकडेमोड करणारं रिलेचं यंत्र बनवलं होतं. यंत्र न्यूयॉर्कलाच होतं, दोनशेहून जास्त मैलांवर. हॅनोव्हरला फक्त टेलिटाइप आणि तार. प्रश्न तारेनं जायचा, उत्तर तारेनंच छापून यायचं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की जमलेल्या गणितज्ञांना आपापली उदाहरणं घालून पाहायची मुभा होती. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर आणि पुढे एनियॅक संगणक बांधणारे जॉन मॉकली त्या सभेत हजर होते.

दुसरा धागा आपल्या जिल्ह्यातला. पिंपळगावहून नाशिक ओलांडलं की देवळाली. तिथले शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत ६१७४ मांडला. सॉफ्टवेअर नाही, वीजही लागत नाही. तरी गणित समोर करून दाखवण्याचं याहून चोख उदाहरण मला ठाऊक नाही. आकडा ऐकणाऱ्यानं द्यायचा आणि सातव्या वजाबाकीपर्यंत ६१७४ हे उत्तर यायलाच हवं. पिंपळगावच्या बाजार समितीत ट्रॉलीतला कांदा डोळ्यांनी पाहूनच बोली लागते. कापरेकरांच्या या गणितातही माल असा उघड्यावर असतो, म्हणून ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

बीजगणित करणारं सॉफ्टवेअर मग १९६८ पासून एमआयटीत मॅक्सिमा (Macsyma) नावानं आकाराला येऊ लागलं. त्याची एक प्रत विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून एकहाती सांभाळली आणि १९९८ मध्ये सर्वांसाठी मोफत खुली केली. तेच आजचं मॅक्झिमा (Maxima). पैसे मोजून घ्यायची मॅथेमॅटिका १९८८ मध्ये आली, पण गावोगावच्या कॉलेजांना परवडली ती ही खुली मंडळी: मॅक्झिमा, सायलॅब, जिओजेब्रा, पायथन. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमुळे त्यांतल्या काहींचे धडे मराठीतूनही मिळाले. ते ऐकत मुलं स्वतः कळफलक चालवतात, ही फार मोठी सोय झाली. मात्र ध्वनिमुद्रित धड्याला २१११ सांगता येत नाही. त्याची उदाहरणं आधीच ठरलेली असतात आणि ती चुकत नाहीत.

त्या दिवशी कॉलेजात माझं उदाहरण मात्र चुकलं आणि वर्ग जागा झाला. तिथंच चार घरं राखणारी एक सूचना प्रोग्रॅममध्ये घातली आणि ०००० पासून ९९९९ पर्यंत सगळ्या १०,००० संख्या चालवल्या. सारख्या अंकांच्या १० सोडल्या, तर उरलेल्या ९,९९० जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर आल्या. टाळ्या पडल्या.

मुलगी अजून फळ्यापाशीच होती. "पाच अंकी घेतली तर?"

घरांची संख्या पाच केली आणि तिनंच दिलेली ५३९५५ घातली. ५९९९४ आलं. मग पुन्हा ५३९५५. पुन्हा ५९९९४. ओळी पडद्यावरून वर सरकत राहिल्या. सगळे थांबण्याची वाट बघत होते, आणि शेवटी मला कंट्रोल-सी दाबावं लागलं.