शिकाऱ्यांनी लिहिलेला कायदा

आजचा भाग एका क्लबबद्दल आहे. उटीचा क्लब म्हटलं की स्नूकरचा ऊटी क्लब आठवतो, पण तो नाही. हा शिकार आणि मासेमारी करणाऱ्यांचा क्लब, निलगिरी गेम असोसिएशन. स्थापना १८७७. आज दीडशे वर्षांच्या उंबरठ्यावर ही संस्था जिवंत आहे, फक्त नाव बदललंय : निलगिरी वाइल्डलाइफ अँड एन्व्हायर्न्मेंट असोसिएशन. 'गेम' म्हणजे मारायचं जनावर. तिथून 'वाइल्डलाइफ'पर्यंतचा प्रवास हाच आजचा विषय.

या विषयात मी का पडलो ते आधी सांगतो. माझ्या आजोबांकडे कोकणात ठासणीची बंदूक होती. परवाना पीकसंरक्षणाचा. रानडुक्कर पडलं की अख्ख्या वाडीत वाटे व्हायचे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आजोबांच्या भाषेत, 'काल शिकारी होतो, आज चोर झालो.' हे वाक्य घरात विनोद म्हणून सांगितलं जायचं. मला ते पुढे टोचायला लागलं. शिकारी कोण आणि चोर कोण, हे पहिल्यांदा नक्की ठरवलं कोणी? शोधत गेलो आणि उटीला पोहोचलो.

आता थोडी पार्श्वभूमी. १८२० च्या दशकात इंग्रज निलगिरीवर राहायला लागले. थंड हवा, उघडी गवताळ पठारं, घळींमध्ये शोला नावाची ठेंगणी दाट जंगलं. शिकाऱ्याला यापेक्षा काय हवं? इंग्लंडची हौस इतकी की कुत्र्यांचा कळप आणि घोडे घेऊन हे लोक कोल्ह्यांच्या मागे धावायचे. फॉक्स मिळेना, तर आपला कोल्हा! पन्नास वर्षांत चहा-कॉफीचे मळे वाढले, बंदुका सुधारल्या, शिकारी वाढले आणि जनावरं दिसेनाशी झाली. १८७६ साली 'हॉकआय' या टोपणनावाने एका शिकाऱ्याचं 'गेम' नावाचं पुस्तक उटीत छापलं गेलं. शिकार आटत चालल्याची चिंता तेव्हा या मंडळींमध्ये जोरात होती. पुढच्याच वर्षी असोसिएशन उभी राहिली आणि आणखी दोन वर्षांत मद्रास सरकारचा कायदा आला, निलगिरी गेम अँड फिश प्रिझर्व्हेशन अ‍ॅक्ट, १८७९. वेग बघा. कारण अर्ज करणारे आणि अर्ज मंजूर करणारे संध्याकाळी एकाच टेबलावर बसणारे होते.

मी प्रोग्रामर आहे. कुठलाही कोड हातात आला की आधी व्याख्या बघतो, कारण खरी गंमत तिथेच असते. या कायद्यात 'गेम' म्हणजे काय? गवा (त्यांच्या भाषेत बायसन), सांबर, आयबेक्स, जंगल शीप, सगळ्या जातींची हरणं, ससे, रानकोंबडे, मोर, तित्तर, लावा, चकोत्री. आता 'जंगल शीप' म्हणजे मेंढी नव्हे, ते आपलं भेकर. आणि 'आयबेक्स' म्हणजे निलगिरी तार, तमिळमध्ये वरैयाडू, कड्यांवर राहणारा जंगली बोकड. तोही खरा आयबेक्स नाहीच. २००५ च्या जनुकीय अभ्यासानंतर त्याला स्वतःचा वेगळा जीनस मिळाला आणि तो शेळीपेक्षा मेंढीला जवळचा निघाला. थोडक्यात, ज्यांनी वाचवायचा कायदा केला त्यांनी त्याचं नावही चुकीचंच ठेवलं होतं.

मासे तर आणखी मजेशीर. कायद्यात संरक्षण कोणाला? 'अ‍ॅक्लिमटाइज्ड' माशांना, म्हणजे बाहेरून आणून इथे रुजवलेल्यांना. इथल्या ओढ्यांतल्या मूळ माशांचं नाव नाही. रंगीत ट्राउट निलगिरीत खऱ्या अर्थाने स्थिरावला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एच. सी. विल्सन या मत्स्यतज्ज्ञाच्या हाताखाली, अ‍ॅव्हलांचच्या उबवणी केंद्रातून. म्हणजे मासा नीट यायच्या आधी त्याचा कायदा तयार होता.

आणि यादीत काय नाही तेही बघा. रानकुत्रा, आपला कोळसुंदा, नाही. तो सांबर मारतो, म्हणजे साहेबांच्या वाट्यात हात घालतो. म्हणून त्याला मारणाऱ्याला बक्षीस मिळायचं. आज तोच कोळसुंदा जगभरात संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे.

आता मुद्दा. कायद्याने बंद हंगाम आणला. त्या महिन्यांत कोणीच मारायचं नाही. वरवर हे सगळ्यांना सारखंच. पण साहेब सुट्टीत शिकार करतो, त्याचा हंगाम चुकला तर ट्रॉफी चुकते. कुरुंब, इरुळ यांच्यासारख्या लोकांचा चुकला तर जेवण चुकतं. तोडा लोक म्हशी पाळणारे, ते शिकार करतच नव्हते, त्यांना फरक नाही. पण फासे आणि जाळी लावणारा माणूस या कागदावर अलगद गुन्हेगार झाला. बंदूक आणि ऐपत असलेला 'स्पोर्ट्समन' राहिला. आजोबांचं वाक्य इथे मला जसंच्या तसं सापडलं, नव्वद वर्षं आधीचं.

इथे थांबलो असतो तर भाग सोपा झाला असता. साहेब वाईट, संपला विषय. पण तार अजून आहेत ना! ते का आहेत याचं उत्तरही बऱ्याच अंशी याच क्लबात आहे. नियम असा झाला की तारमध्ये फक्त 'सॅडलबॅक' मारायचा, म्हणजे पाठीवर चंदेरी पट्टा आलेला म्हातारा नर. माद्या आणि पिल्लं सुटली. असंच दक्षिणेला मुन्नारकडे झालं. तिथल्या मळेवाल्यांची १९२८ ची हाय रेंज गेम प्रिझर्व्हेशन असोसिएशन इरविकुलमचं पठार सांभाळत होती, आणि राखणीला मुदुवन आदिवासी ठेवत होती. ज्यांच्यावर बंदी यायची त्यांनाच पहारेकरी! पण तेच पठार १९७५ मध्ये अभयारण्य आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि तारांचा सगळ्यात मोठा कळप आजही तिथेच आहे.

निलगिरीतही वळण आतूनच आलं. ई. आर. सी. डेव्हिडार कुन्नूरचे वकील, आधी स्वतः शिकारी, मग याच संस्थेचे पदाधिकारी. त्यांनी बंदूक ठेवली आणि मोजायला सुरुवात केली. १९७० च्या दशकात सगळे डोंगर पालथे घालून त्यांनी तारांचा अंदाज काढला, सुमारे २,२००. मोजताना लक्षात येणारी गोष्ट अशी की तोवर खरा शत्रू बंदूक राहिली नव्हती. गवताळ पठारांवर वनखात्याने वॅटल आणि निलगिरीची झाडं लावून टाकली होती. उघडं गवत म्हणजे 'पडीक' हा समज. तारला चरायला गवत लागतं, जंगल नाही. १८७९ च्या कायद्यात जनावरांची यादी होती, गवताचा शब्द नव्हता. (निलगिरी नावाचं झाड निलगिरीचं नाही, ते ऑस्ट्रेलियाचं. आपण मराठीत त्याला डोंगराचंच नाव देऊन टाकलं.)

१९७२ नंतर शिकार थांबली. २०२४ च्या गणनेत तामिळनाडूत १,०३१ तार मोजले गेले.

मुकुर्तीच्या बाजूला कधी गेलात तर कड्याच्या टोकावर उभा असलेला चंदेरी पाठीचा नर शोधा. आमच्या घरची बंदूक आता पोलीस ठाण्यात जमा आहे. मी हा भाग आजोबांना ऐकवला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, 'त्या कुरुंबांना परवाना मिळत होता का?'