सुताराचा तिसरा हात

होल्डफास्ट हा शब्द आपल्याकडे घर बांधलेल्या कुणालाही ठाऊक असतो. दाराची चौकट हलू नये म्हणून तिला जी लोखंडी पट्टी ठोकतात आणि जिचं दुसरं टोक विटांच्या बांधकामात गाडतात, तिला गवंडी होल्डफास्ट म्हणतात. पण याच नावाचं आणखी एक हत्यार आहे. ते युरोपातल्या सुतारांच्या बाकावर शतकानुशतकं नांदलं, मग जवळजवळ नाहीसं झालं आणि अलीकडे पुन्हा शोधलं जाऊ लागलं. आज त्याची गोष्ट सांगायची आहे. ती दिसायला एका लोखंडी आकड्याची आहे, पण खरी गोष्ट दोन शेजाऱ्यांची आहे, सुताराची आणि लोहाराची.

हत्यार दिसायला अगदी साधं. काठीची मूठ वाकवावी तसा वाकवलेला लोखंडाचा गज. त्याचा उभा दांडा बाकाच्या जाड फळीला पाडलेल्या आरपार भोकात सोडायचा, आडव्या हाताचं चपटं टोक लाकडावर टेकवायचं आणि डोक्यावर मोगरीचा एक ठोका द्यायचा. झालं, लाकूड जागच्या जागी जखडलं! काम संपलं की दांड्याच्या पाठीवर एक टोला, की पकड सुटली. ना आटे, ना मळसूत्र, ना चावी.

एवढ्याशा ठोक्यानं पकड येते कशी? भोक दांड्यापेक्षा किंचित मोठं असतं. ठोका बसला की दांडा भोकात जरासा तिरपा होतो. वर एका बाजूला आणि खाली विरुद्ध बाजूला फळीत रुततो. आडवा हात किंचित वाकतो आणि मूळ जागी येण्याच्या ओढीनं लाकूड दाबून धरतो. म्हणजे सगळी करामत लोखंडाच्या लवचिकपणात आहे. पाचरीची अडकण आणि धनुष्याचा ताण, दोन्ही गुण एका गजात आले.

फ्रेंच सुतारांनी या हत्याराला नाव दिलं ‘व्हाले’, म्हणजे घरगडी. मालक काम करतो तेव्हा मुकाट्यानं लाकूड धरून उभा राहणारा. मी कवी माणूस, त्यामुळे माझं लक्ष आधी नावाकडे जातं; आणि हे नाव ठेवणारा कारागीर कवीच असला पाहिजे, असं वाटतं.

हे हत्यार किती जुनं? इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम शहरात, अठराव्या शतकातल्या उत्खननात एक भित्तिचित्र सापडलं. त्यात पंख असलेली बाळं सुतारकाम करताना दाखवली आहेत, आणि बाकावर लाकूड धरून ठेवणारा वाकडा आकडा दिसतो. उत्खननातल्या चित्रांचे खोदीव ठसे १७५७ पासून ग्रंथरूपानं प्रसिद्ध झाले, त्यांत हे चित्र आहे. पुढे १६७६ मध्ये फ्रान्सच्या आंद्रे फेलिबियाँनं आणि १६७८च्या सुमारास इंग्लंडच्या जोसेफ मॉक्सननं कारागिरीवर पुस्तकं लिहिली. दोघांच्याही चित्रांत बाक आहे आणि बाकावर हा गडी हजर आहे.

पण त्याला खरा न्याय दिला तो आंद्रे-जेकब रूबो यानं. रूबो १७३९ मध्ये पॅरिसमध्ये जन्मला, एका सुताराच्या घरात. दिवसा रंधा मारायचा आणि मिळेल त्या वेळात वास्तुकला आणि रेखाटन शिकायचं, असं करत तो घडला. फ्रान्सच्या राजेशाही विज्ञान अकादमीनं सगळ्या हुन्नरांची वर्णनं ग्रंथरूपानं काढायला घेतली होती. सुतारकामावरचा ग्रंथ रूबोनं लिहिला, त्याची चित्रंही स्वतः काढली. तो १७६९ पासून १७७५ पर्यंत खंडाखंडानं निघाला. हुन्नरांबद्दल तेव्हा लिहीत ते बहुधा पंडित. इथं मात्र लेखणी सुताराच्याच हातात होती. म्हणूनच बाकाची फळी किती जाड हवी, भोकं कुठं पाडायची, हे तो एखाद्या शिकाऊ पोराला सांगावं तसं सांगतो.

पुढे याच रूबोच्या हाताखाली पॅरिसच्या धान्यबाजारावरचा प्रचंड लाकडी घुमट १७८२-८३ मध्ये उभा राहिला. रूबो १७९१ मध्ये वारला. घुमट १८०२ मध्ये आगीत जळाला आणि त्याच्या जागी लोखंडाचा घुमट आला. लाकडाची सद्दी संपून लोखंडाची सुरू होत होती, तिची ही जणू दवंडीच.

गंमत पाहा. लोखंडाचं युग आलं आणि सुताराचा हा लोखंडी गडीच बेकार झाला! एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतून मळसूत्राचे वाइस स्वस्तात मिळू लागले. ते बाकाला कायमचे जोडले गेले. गावातला लोहार मागं पडला. पूर्वी तो जे घडीव लोखंड वापरायचा, तेही मागं पडलं. १८५६ मध्ये बेसेमरनं पोलाद करण्याची स्वस्त रीत काढली आणि घडीव लोखंडाचा बाजार हळूहळू आटला. इंग्लंडमध्ये बोल्टन इथला शेवटचा मोठा कारखाना १९७०च्या दशकात बंद झाला.

तरी होल्डफास्ट दुकानांतून अगदीच गेला नाही. तो साच्यात ओतून निघू लागला, बिडाचा. आकार हुबेहूब, गुण मात्र नाही. साधं बीड कडक असतं, पण लवत नाही. ठोका मारला की ते एक तर निसटतं नाही तर तडकतं. मग घेणारा म्हणायचा, हे हत्यारच कुचकामी. जुने लोक वेडे होते काय, असा प्रश्न कुणी करत नसे. जिनसाची नक्कल वाईट निघाली की बदनाम मूळ जिन्नस होतो. हा अन्याय फक्त हत्यारांच्याच वाट्याला येतो असं नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि युरोपात हातहत्यारांनी काम करण्याची ओढ पुन्हा वाढली. २००७ मध्ये ख्रिस्तोफर श्वार्झ यांचं सुताराच्या बाकांवरचं पुस्तक आलं, त्यानं रूबोचा बाक पुन्हा चर्चेत आणला. २०१३ पासून रूबोच्या ग्रंथाचे भाग इंग्रजीत येऊ लागले. बाक तयार झाले, भोकं पडली आणि मग प्रश्न आला: भोकात घालायचं काय? तेव्हा लोकांना लोहार आठवला.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग नावाचं गाव आहे. १९२६ पासून ते अठराव्या शतकात होतं तसं पुन्हा उभारण्यात आलं. तिथं सुताराच्या दुकानापासून लोहाराची भट्टी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि तिथले लोहार शेजारच्या कारागिरांना लागणारी हत्यारं घडवून देतात. होल्डफास्ट चांगला निघण्याचं रहस्य या शेजारातच आहे. कारण हे हत्यार एकट्यानं पुरं होत नाही. दांडा भोकाला जुळावा लागतो, आणि भोक फळीच्या जाडीला. साधारण तीन-चार इंच जाडीची फळी आणि पाऊण ते एक इंच जाडीचा दांडा ही जोडी जमते. दांडा फार बारीक आणि फळी फार जाड झाली तर पकड येत नाही; मग भोक खालून मोठं करावं लागतं. दांडा फार गुळगुळीत असेल तर पॉलिश पेपरनं आडवा घासावा लागतो. आणि लोहारानं बाकदाराशी लोखंड भरदार ठेवावं, हात मात्र टोकाकडे निमुळता करावा. म्हणजे घाव सोसणारी जागा दणकट राहते आणि हात लवतो. म्हणून असा आकडा घडवून घ्यायचा असेल त्यानं आधी भोकाचं आणि फळीचं माप लोहारापुढे ठेवावं, मग किमतीचं बोलावं.

आपल्याकडे हा आकडा रुजला नाही, याचं कारण सरळ आहे. आपला सुतार जमिनीवर बसून काम करायचा. लाकूड धरायला त्याचे पाय होते. पण शेजार मात्र आपल्याकडेही तोच होता. बारा बलुतेदारांत सुतार आणि लोहार दोघेही होते. वाकस आणि पटाशी यांची पाती लोहाराकडून यायची. बैलगाडीचं चाक सुतार करायचा, त्यावर लोखंडी धाव चढवायचा लोहार. धाव तापवून फुगवायची, चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचं; लोखंड आकसतं आणि लाकडाला मिठी मारतं. एकाचं माप चुकलं की दुसऱ्याची मेहनत वाया. रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि त्या मिठीचीही गरज संपत गेली.

जुनं सगळं परत यावं, असं म्हणण्यात अर्थ नाही. वाइस सोयीचा आहे आणि यंत्रानं कष्ट वाचवले आहेत. पण एखादा हुन्नर मरतो तेव्हा तो एकटा मरत नाही, शेजाऱ्याचा एक हात घेऊन जातो, हे या आकड्याकडे पाहून कळतं. आणि तो परत येतो तेव्हा दोन गोष्टींमुळे येतो: कुणीतरी नीट लिहून ठेवलेलं असतं आणि कुठंतरी एखादी भट्टी अजून पेटती असते. पॅरिसच्या सुतारानं आपल्या वाटचं लिहिण्याचं काम अडीचशे वर्षांपूर्वी करून ठेवलं. आपल्या गावातल्या धाव चढवणाऱ्या लोहाराचे हात अजून शाबूत असतील, तर त्याच्याजवळ बसून ते लिहून घ्यायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)