उपवासाचे ताट आणि शुगरची गोळी

इंदूरच्या मराठी घरांत उपवास दोन तऱ्हांचा चालतो. एक आजीकडून आलेला: भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, काकडीची कोशिंबीर, ताक. दुसरा या गावाने शिकवलेला: वाफेवर गरम ठेवलेली सराफ्यातली साबुदाण्याची खिचडी, तिच्यावर मूठभर फरियाली मिक्चर, बटाट्याचा तळलेला कीस आणि लिंबू. व्रताला दोन्ही चालतात. घरात मधुमेहाचे कोणी असेल तर मात्र दोन्हींचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि तो मांडताना ताटाइतकेच सकाळच्या गोळीकडेही पाहावे लागते.

मी डॉक्टर नाही. औषधाच्या दुकानात काउंटरमागे बावीस वर्षे काढली आहेत, त्या अनुभवावर आणि आपल्या मंडळात पाहिलेल्या एका प्रसंगावर हा लेख आहे. दोन वर्षांपूर्वी आषाढीच्या भजनाला, सकाळी साडेअकराच्या सुमारास, तिसऱ्या रांगेतल्या एक काकू काहीतरी असंबद्ध बोलू लागल्या. कपाळ घामाने डबडबलेले, हात थरथरत होते. कोणी म्हणाले उकाडा आहे, कोणी म्हणाले उपवासाने थकल्या. एकाने तर हुंगवायला कांदा शोधायला माणूस धाडला, तोही एकादशीला! सुदैवाने एका सभासदाच्या पिशवीत शुगर तपासायचे यंत्र होते. आकडा आला ५२. साखरेचे पाणी पुढे केले तर काकू मान हलवत होत्या, उपवास मोडेल म्हणून. साखर उपवासाला चालते हे त्यांच्या सुनेने दोनदा सांगितले तेव्हा कुठे त्यांनी पेला तोंडाला लावला. वीस मिनिटांत त्या नेहमीसारख्या बोलत होत्या.

नंतर विचारले तेव्हा उलगडा झाला. रोजच्याप्रमाणे सकाळी साडेसातला त्यांनी शुगरची गोळी घेतली होती. रोज त्यानंतर अर्ध्या तासात पोहे किंवा पोळी पोटात जाते. त्या दिवशी फक्त चहा झाला होता, तोही बिनसाखरेचा. खिचडी बारानंतर होती.

कोणत्या गोळीने शुगर उतरते

मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या एकसारख्या काम करत नाहीत, आणि उपवासाच्या दिवशी हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. त्यामुळे गोळी घेऊन उपाशी राहिले की रक्तातली साखर ७० च्या खाली जाण्याचा खरा धोका यांच्यात असतो. इन्शुलिनच्या इंजेक्शनचेही तेच. एकटी मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिनसारखी गोळी घेणाऱ्यांना हा धोका बराच कमी असतो.

पण इथेच एक मेख आहे. "मी फक्त मेटफॉर्मिन घेतो" असे सांगणारे कितीतरी गिऱ्हाईक मी पाहिले, आणि त्यांच्या पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ग्लिमेपिराइडही छापलेले असे. आपल्याकडे दोन किंवा तीन औषधांची एकत्र गोळी सर्रास मिळते. गोळीचे नाव कंपनीचे असते, आत काय आहे ते मागेच वाचावे लागते. आज संध्याकाळी चष्मा लावून आई-बाबांच्या पाकिटांच्या मागची बाजू वाचा, पाच मिनिटांचे काम आहे.

अलीकडे डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या बऱ्याच जणांना सुरू झाल्या आहेत. त्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात, आणि साखरेबरोबर पाणीही जाते. अशी गोळी घेणाऱ्याने हरतालिकेचा किंवा ज्येष्ठातल्या निर्जला एकादशीचा कडक, पाण्याविना उपवास करणे धोक्याचे आहे. शरीर कोरडे पडते. शिवाय खाणे अगदीच कमी झाले तर रक्तात कीटोन नावाची आम्ले साठू शकतात. त्यात मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास अशी लक्षणे दिसतात आणि यंत्रावरचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही हे होऊ शकते. असे झाले तर घरगुती उपाय करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

मात्र कोणती गोळी कमी करायची, कोणती दुपारच्या फराळाबरोबर घ्यायची, इन्शुलिनचे किती युनिट घ्यायचे, हे या लेखावरून ठरवू नका. आपल्या डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारा. "डॉक्टरसाहेब, एकादशी आहे, सकाळी काही खाणार नाही, बाराला फराळ, रात्री दूध आणि फळ" असे वेळेसकट सांगितले तर त्यांना नेमके उत्तर देता येते. "उपवास केला तर चालेल का?" एवढेच विचारले तर "नका करू" हेच उत्तर मिळते, आणि मग मंडळी न सांगता करतात. मनाने गोळी सोडून देणेही तितकेच वाईट, कारण दुपारच्या ताटात काय येणार आहे ते आता पाहू.

ताटातले हिशेब

साबुदाणा हे धान्य नाही. टॅपिओका नावाच्या कंदाच्या पिठाचे ते गोळे आहेत. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि आज आपल्याकडचा बहुतेक साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात तयार होतो. (बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची हीदेखील तिकडूनच आलेली. आपल्या सोवळ्याच्या ताटात सगळे पाहुणेच बसले आहेत.) कंदातला चोथा आणि प्रथिने काढून टाकल्यावर उरते ते जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात, प्रथिने मात्र अर्धा ग्रॅमही नाहीत.

हे आकडे पोळीच्या भाषेत सांगतो. २५ ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात साधारण १७ ग्रॅम कर्बोदके येतात. घरी एका माणसाच्या खिचडीला ७५ ग्रॅम साबुदाणा सहज लागतो, त्यात एक मध्यम बटाटा. म्हणजे एका बशीत जवळजवळ पाच फुलक्यांचे पिष्ट, आणि तेही लवकर पचणारे. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण उगाच पडलेली नाही. ज्यांनी सकाळची गोळी टाळलेली असते त्यांची शुगर दोन वाजता कुठे जाते, ते एकदा तपासून पाहण्यासारखे आहे.

तरी खिचडीवर बंदी घालावी असे मला वाटत नाही. तिचे प्रमाण उलटे करावे. साबुदाणा ३० ग्रॅम, बटाटा वगळून त्याजागी लाल भोपळा किंवा काकडी, दाण्याचे कूट भरपूर, आणि सोबत वाटीभर दही. २५ ग्रॅम कुटातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, आणि कुटातला स्निग्धांश पिष्टाचे पचन थोडे सावकाश करतो. वरचे मिक्चर मात्र बटाटा, तेल आणि मीठ. ते हवेच असेल तर चवीपुरते दोन चमचे.

भगर साबुदाण्यापेक्षा केव्हाही बरी. तिच्यात प्रथिने आहेत, थोडा तंतूही आहे. नावांचा घोळ तेवढा लक्षात ठेवा, कारण आपले नातेवाईक चार प्रांतांत आहेत. आपण भगर किंवा वरई म्हणतो ती इथल्या किराण्यात मोरधन किंवा समा या नावाने मिळते, बडोद्याकडे मोरैयो, बेळगावच्या बाजारात सावे, हैदराबादेत सामलू. पाकिटात दर वेळी एकच दाणा असतो असेही नाही, कुठे कुटकी, कुठे सावा. गुण बरेचसे सारखे. पण भगर अगदी पांढरीशुभ्र, म्हणजे कोंडा पूर्ण काढलेली, असेल तर ती जवळजवळ भातच समजावी आणि भातासारखी मोजून वाढावी. वाटीभर शिजलेली भगर आणि तिच्या दुप्पट दाण्याची आमटी, हे आजीचे प्रमाण मधुमेहाला बरोबर बसते.

भगरीबद्दल दुसरी काळजीही आहे. दमट हवेत तिच्या दाण्यांवर बुरशी धरते, आणि अशा भगरीचा फराळ खाऊन अनेकांना एकदम उलट्या, चक्कर, हातापायांना थरथर असा त्रास झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातून बहुतेक दर वर्षी श्रावण, नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या सुमारास येतात. म्हणून सुटी भगर आणि विशेषतः तिचे तयार पीठ घेऊ नये. तारीख पाहून बंद पाकीट घ्यावे, निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुवावी, पीठ हवे तर तेवढ्यापुरतेच घरी दळावे. गेल्या महाशिवरात्रीचे उरलेले पाकीट आषाढीला काढू नये. शंभर माणसांचा फराळ करताना तर मुळीच नाही.

राजगिऱ्यात प्रथिने गव्हाच्या कणकेपेक्षा थोडी जास्तच. त्याच्या पिठात काकडी किसून घातलेले थालीपीठ, वर लोणी नको पण दही हवे, हा मधुमेही माणसाचा उत्तम फराळ. त्याची लाही मात्र फार लवकर पचते, आणि लाडवात तर गूळही आला. "राजगिरा पौष्टिक" म्हणून चार लाडू खाणारे काका मला माहीत आहेत. शिंगाड्याचे पीठ मुख्यतः पिष्टच, त्यामुळे तेही मोजून. दिवाळीच्या आसपास माळव्यातल्या तलावांचे ताजे शिंगाडे मिळतात ते त्यापेक्षा बरे. रताळे भाजण्यापेक्षा उकडून खाल्ले तर साखर थोडी सावकाश चढते. फळे अख्खी खावीत, रस नको.

सैंधव मिठाबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. सैंधव हेही मीठच, म्हणजे सोडियम क्लोराइडच. रक्तदाबाला ते साध्या मिठाइतकेच बाधते, आणि त्यात बहुधा आयोडीन घातलेले नसते. उपवासाला खावे, पण "बीपीला चांगले" म्हणून वर्षभर डब्यात भरू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी शहाळे, केळी आणि बटाटा यांबद्दल आपल्या डॉक्टरांना वेगळे विचारावे, त्यातले पोटॅशियम त्यांना झेपत नाही.

शुगर उतरली तर

घाम, थरथर, छातीत धडधड, अचानक भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. वयस्क माणसांत पुष्कळदा शेवटची दोनच लक्षणे दिसतात आणि घरचे त्यांना स्वभाव समजतात. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर धडधड आणि थरथर दबून जाते, घाम मात्र येतो. यंत्र असेल तर लगेच तपासा. नसेल तर वाट न पाहता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढेच द्या. नंतर काहीतरी खायला द्या, नाहीतर तासाभरात परत तेच. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्यांना साखरेचा लवकर उपयोग होत नाही, कारण साखरेचे पचनच ती गोळी अडवते. त्यांना ग्लुकोजची पूडच द्यावी लागते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर निजवा आणि १०८ ला फोन करा.

एवढे सांगूनही काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "एवढी वर्षे केला, आता सोडायचा का?" त्यांच्यासाठी शास्त्रातलेच सांगतो. पाणी, कंदमूळ, फळ, दूध आणि औषध यांनी व्रत भंगत नाही, असे परंपरेनेच सांगितले आहे. एकादशीचे बंधनही आठ वर्षांवरच्या आणि ऐंशीच्या आतल्या माणसाला. तेव्हा "उपवासाला गोळी चालत नाही" हे कोणत्याही पोथीतले नाही, ते आपल्या घराघरांतले. ज्यांची शुगर महिन्यात एक-दोनदा उतरते, जे दिवसातून अनेकदा इन्शुलिन घेतात, ज्या गरोदर आहेत, ज्यांचे मूत्रपिंड किंवा हृदय अशक्त आहे, त्यांनी एकभुक्त राहावे किंवा नुसते हरिपाठाला यावे.

हा प्रश्न चार-दोन घरांचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी माणसांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर. त्या पाहणीत प्रौढांमधले प्रमाण गोव्यात सर्वांत जास्त निघाले, २६.४ टक्के. वर्षाला २४ एकादश्या, अधिक महिना आला की २६, शिवाय सोमवार, चतुर्थ्या आणि नवरात्राचे नऊ दिवस. घरात मधुमेह असेल तर हे दिवस कॅलेंडरवर खूण करण्याजोगे आहेत.

पारण्याच्या दिवशी एक चूक हमखास होते. एकादशीला राहिलेली गोळी द्वादशीला जोडीने घेतली जाते. तसे करू नये. नेहमीची गोळी, नेहमीच्या वेळी, नाश्त्यासह, आणि त्या सकाळी उपाशीपोटी एकदा तपासणी. पारण्याला पुरणपोळी असेल तर एक, आणि भात नको.

त्या आषाढीनंतर मंडळाने शुगर तपासायचे यंत्र घेतले आहे. ते सभागृहाच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, वरच्या फळीवर असते, पट्ट्यांची मुदत दर तीन महिन्यांनी पाहिली जाते. ग्लुकोजचा डबा स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी ठेवला आहे, आणि तो सरबतासाठी वापरायचा नाही.