बुकी कुठे उभा राहतो?

झाड ही ‘जागा’ आहे का, असा प्रश्न १८६५ साली इंग्लंडमधल्या न्यायाधीशांपुढे आला होता. लंडनच्या हाइड पार्कमध्ये एका ठरावीक झाडाखाली उभा राहून एक माणूस घोड्यांवरच्या पैजा घ्यायचा. १८५३ च्या कायद्यानं पैजा घेण्यासाठी घर, कचेरी, खोली ‘किंवा अन्य जागा’ वापरायला मनाई केली होती. आता झाडाच्या सावलीला ‘अन्य जागा’ म्हणायचं का? खालच्या न्यायालयाला ते पटलं, वरच्याला पटलं नाही. झाड सुटलं. पुढे १८७४ मध्ये आणखी एका बुकीचा खटला उभा राहिला. हा रेसकोर्सवर स्टूल मांडायचा आणि जमिनीत भलीमोठी छत्री रोवायचा. छत्री मात्र ‘जागा’ ठरली. झाड नाही पण छत्री आहे, हे ऐकायला गंमतीचं वाटतं. पण त्यावर माणसांची पोटं अवलंबून होती, आणि पुढची पंचवीस वर्षं इंग्रज वकिलांनी हाच कीस काढला.

त्याचा शेवट १८९९ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये झाला. जुगारविरोधी लीगनं त्याआधी एक निकाल मिळवला होता, की रेसकोर्सवरचं बुकींचं अख्खं आवारच ‘जागा’ आहे. तो टिकता तर इंग्लंडमधल्या सगळ्या रेसकोर्सवरचे बुकी गुन्हेगार ठरले असते. मग केम्प्टन पार्क रेसकोर्स कंपनीच्याच एका भागधारकानं कंपनीवर दावा लावला, की आवारात पैजा होऊ देऊ नका. लॉर्ड्सनी बहुमतानं निकाल दिला: ज्या आवारात कुणीही कुठेही हिंडू शकतो आणि बुकीचा स्वतःचा असा कोपरा नाही, ती कायद्याच्या अर्थानं ‘जागा’ नव्हे. म्हणजे इंग्लंडमधला बुकी वाचला तो हिंडता होता म्हणून. खुंटा रोवला की फसला.

हे खटले वाचताना मला वारंवार आपल्याकडची रिंग आठवते. महालक्ष्मीला एका परवानाधारक बुकीच्या स्टॉलवर मी काही मोसम वही लिहिली आहे. ‘बुक’ म्हणजे शब्दशः वही, आणि बुकी म्हणजे वही जुळवणारा. अठराव्या शतकाच्या अखेरीस न्यूमार्केटच्या माळावर हॅरी ऑग्डेन नावाच्या माणसानं प्रत्येक घोड्याला वेगळा भाव लावायला सुरुवात केली, असं इंग्रजी रेसिंगच्या इतिहासात सांगतात. त्याआधी लोक आपसात पैजा मारत. नाहीतर एका बाजूला एक घोडा आणि दुसऱ्या बाजूला उरलेले सगळे, अशी पैज लागे. सगळ्याच घोड्यांना भाव लावल्यावर वही लिहिणं आलं, आणि धंदा जन्माला आला.

वहीचं गणित बाहेरच्या माणसाला क्वचितच माहीत असतं. समजा, पाच घोडी आहेत. पहिल्याला भाव एकास एक, दुसऱ्याला एकास तीन, मग चार, नऊ आणि एकोणीस. पहिल्यावर ५,००० रुपये लागले, दुसऱ्यावर २,५००, पुढच्यांवर २,०००, १,००० आणि ५००. गल्ल्यात आले ११,०००. आता कुठलंही घोडं येऊ द्या, मुद्दल धरून द्यायचे १०,०००च. हजार रुपये बुकीचे. त्याला घोड्यातलं कळतं की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

अर्थात असा दिवस कधीच उगवत नाही. लोक तुमच्या वहीच्या सोयीनं पैसे लावत नाहीत. दोन रेसमधल्या अर्ध्या तासात पहिली पंधरा मिनिटं माणसं नुसती बोर्ड बघत फिरतात, या स्टॉलवरून त्या स्टॉलवर, कुणाचा भाव चांगला ते हेरत. खरा पैसा शेवटच्या काही मिनिटांत येतो, आणि येतो तो बहुतेक एकाच घोड्यावर. तेव्हा बुकी काय करतो, तर त्या घोड्याचा भाव उतरवतो, बाकीच्यांचा चढवतो, आणि तरीही एका बाजूला ओझं झालं तर स्वतःच दुसऱ्या बुकीकडे त्या घोड्यावर पैसे लावून ते हलकं करतो. माझं काम फक्त लिहिण्याचं: घोड्याचा नंबर, भाव, रक्कम. पण दर मिनिटाला मालक खाली वाकून एकच गोष्ट विचारायचा, ‘तीन नंबरला किती जातात?’ किती आले हे तो कधी विचारत नसे. तीन नंबर जिंकला तर किती द्यावे लागतील, तेवढंच त्याला हवं असायचं.

टोटची खिडकी बाजूलाच असते, तिथे हा ताण नाही. सगळ्यांचे पैसे एका मडक्यात, त्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा वजा, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटून द्यायचं. काय मिळणार ते रेस संपल्यावरच कळतं. फ्रान्सनं १८९१ मध्ये बुकींना हाकलून फक्त हीच पद्धत ठेवली. बुकीचा भाव मात्र चिठ्ठीवर लिहिला की लिहिला. घोडं सुटायच्या आत तो निम्म्यावर आला, तरी तुमचा तुम्हाला. लोक बुकीकडे येतात ते या एका गोष्टीसाठी.

आणि या शब्दामागे कायदा उभा नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल. त्याच कलमात घोड्यांच्या शर्यतीला एक सूट आहे, पण ती जिंकणाऱ्याला द्यायच्या ५०० रुपये वा अधिक किमतीच्या बक्षिसासाठी वर्गणी काढण्यापुरती, पैजेला नाही. पंटरनं उधारी बुडवली तर बुकीला दावा लावता येत नाही, बुकीनं बुडवलं तर पंटरला. इंग्लंडनं हा नियम २००७ मध्ये मोडीत काढला, आपल्याकडे तो चालूच आहे. मग पैसे मिळण्याची हमी काय? हमी एवढीच, की बुकीचा स्टॉल ठरलेला आहे, त्याच्या नावाची पाटी आहे, आणि परवाना क्लबच्या हातात आहे.

इथे आपला कायदा इंग्लंडच्या बरोबर उलट गेलेला दिसतो. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात घर, भिंतींनी वेढलेलं आवार, खोली किंवा जागा असे इंग्रजी वळणाचेच शब्द आले. मुंबई इलाख्याचा कायदा १८८७ चा. त्यात तर पाऊस पडेल की नाही यावरची पैजही जुगार ठरते. घोड्यांच्या रेसला मात्र त्यातून वगळलं आहे, आणि अटी मोठ्या नेमक्या आहेत: पैज रेसच्याच दिवशी लागली पाहिजे, १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याखाली राखून दिलेल्या आवारात किंवा सरकारनं मान्य केलेल्या ठिकाणी, आणि पैज लावणारा तिथे जातीनं हजर पाहिजे. तिकडे बुकी सुटला तो त्याला कोपरा नव्हता म्हणून. इकडे कोपरा असेल तरच तो कायदेशीर. माझ्या मते आपल्या कायद्यानं अधिक शहाणपण दाखवलं. जुगार थांबत नाही हे मान्य करून त्यानं निदान ठरवून दिलं, की जे करायचं ते उजेडात, पाटी लावून करा.

मद्रासमध्ये हेही संकटात आलं. तमिळनाडूनं १९७४ मध्ये कायदा बदलून रेसवरची पैज जुगारात घातली, १९८६ मध्ये तर मद्रास रेस क्लबच ताब्यात घ्यायचा कायदा केला. क्लब सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ च्या जानेवारीत निकाल लागला: घोड्याचं कुळ, जॉकी, वजन, अंतर, जमीन यांचा अभ्यास करून लावलेली पैज हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही.

रिंगमध्ये हा निकाल अनेकांना पाठ होता. त्याचा उपयोग किती झाला ते जीएसटी आल्यावर कळलं. २०१७ साली दर लागला २८ टक्के, आणि २०१८ च्या नियमानं तो पैजेच्या संपूर्ण रकमेवर. टोटच्या बाबतीत कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये हा नियम रद्द ठरवला, कारण क्लबकडे पैसे फक्त वाटपापुरते येतात. त्यानंतर कायदाच बदलला गेला, आणि ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनो, ऑनलाइन खेळ, रेस, सगळं एकाच रांगेत. सप्टेंबर २०२५ मध्ये दर ४० टक्के झाला. कौशल्य की नशीब, हा फरक कराच्या तक्त्यात कुठेच नाही.

आता मघाची वही पुन्हा उघडा. ११,००० आले, आदर्श दिवशी सुटले १,०००. ११,०००चे २८ टक्के होतात ३,०८०. ४० टक्के ४,४००. हे बुकीच्या हजारातून निघणं शक्यच नाही, म्हणून ते पंटरच्या खिशातून निघतं, आणि पंटरला हे गणित कुणी शिकवावं लागत नाही. त्याच घोड्याला, त्याच रेसला, कर न लावता भाव देणारा माणूस फोनवर असतो. त्याला ना आवार, ना पाटी, ना परवाना. त्यानं पैसे दिले नाहीत तर न्यायालय नाहीच, पण क्लबही नाही; तक्रार घेऊन जायला कुठला स्टॉलही नाही.

रेसच्या दिवशी आमच्या स्टॉलवर शेवटची रेस संपल्यावरही अर्धा-पाऊण तास थांबावं लागे. जिंकलेली माणसं सावकाश येत, कुणी चहा पिऊन, कुणी शौचालयात जाऊन, कारण चिठ्ठी खिशात होती आणि आम्ही तिथेच असणार हे त्यांना ठाऊक होतं.