रूळ नसलेल्या गावातलं इंजिन

आमच्या गावाला रेल्वे दिसली ती कोकण रेल्वे झाली तेव्हा, म्हणजे गेल्या शतकाच्या अगदी शेवटी. 26 जानेवारी 1998ला सगळा मार्ग खुला झाला. त्या गाड्या डिझेलवर धावल्या. देशातल्या ब्रॉडगेजवरचं वाफेचं इंजिन त्याआधीच, 1995मध्ये, थांबलं होतं. त्यामुळे रत्नागिरीच्या रुळांवर कोळशाचा धूर कधी निघालाच नाही. तरीही बॉयलर, फायरबॉक्स, रिव्हेट, स्टे हे शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होते. माझे आजोबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात बॉयलर खात्यात होते.

आमच्याकडच्या घराघरांतून असे कोणी ना कोणी होते. गिरणीत, गोदीत, परळला किंवा माटुंग्याला रेल्वेच्या कारखान्यात. शिमग्याला, गणपतीला हे चाकरमानी आगबोटीने यायचे. पावसाळ्यात बोटी बंद, मग घाटरस्त्याने वळसा. शेजारचे काका आगबोटीवर आगवाले होते, म्हणजे तेही वाफेचेच. पडवीत दोघं बसले की एकाचा बॉयलर समुद्रावर आणि एकाचा रुळांवर, आणि दोघांनाही आपलंच काम अवघड वाटायचं. काका म्हणायचे, "तुमचं इंजिन थांबतं तरी. आमची बोट जयगडच्या बाहेर लाटांत असली तरी आगीसमोरून हलायचं नाही." आजोबा ऐकून घेत आणि मग रिव्हेटकडे वळत.

लाल तापवलेला रिव्हेट भट्टीवाला चिमट्याने फेकणार, दुसरा तो झेलून भोकात बसवणार, आतल्या बाजूने एक जण डोली, म्हणजे आधाराचं जड लोखंड, दाबून धरणार, बाहेरून ठोकणारा ठोकणार. चौघांचा ताल चुकला तर रिव्हेट थंड होतो आणि सांधा गळतो. आजोबांचा डावा कान त्या आवाजाने गेला होता. पण उजव्या कानाने ते जे काम करत ते आणखी नाजूक होतं. फायरबॉक्सचं, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीचं, आतलं आणि बाहेरचं कवच शेकडो स्टेंनी, म्हणजे छोट्या सळयांनी, बांधलेलं असतं. हातोडीने एकेक वाजवत जायचं. शाबूत स्टे खणखणतो, तुटलेला बद्द बोलतो. बाजारात फणस वाजवून घेतात तसं, असं ते आजीला समजावत.

कानाने आणि हाताने काम ओळखायची ही गोष्ट मला पुढे फार महत्त्वाची वाटली, ती इंग्लंडातल्या एका कामाबद्दल वाचलं तेव्हा. ग्रेट वेस्टर्न रेल्वेची 'सेंट' नावाची इंजिनं होती. चर्चवर्ड यांनी आखलेली, एकूण 77. शेवटचं 1953मध्ये मोडीत गेलं, एकही जपलं गेलं नाही. डिडकॉटच्या ग्रेट वेस्टर्न सोसायटीने तसं एक परत उभं करायचं ठरवलं. आधार होता इतिहासातल्या एका घटनेचा. 1924 साली एका सेंट इंजिनाला लहान चाकं बसवून पाहिली होती आणि त्यातूनच 'हॉल' ही पुढची जात निघाली. मग हॉलवरून उलटं सेंटकडे का जाऊ नये? 'मेंडी हॉल' नावाचं 1929चं इंजिन त्यांनी बॅरीच्या भंगारवाड्यातून 1974मध्ये आणलेलं होतंच. त्याचा सांगाडा घेतला. सहा फुटांऐवजी सहा फूट साडेआठ इंच व्यासाची चाकं नव्याने ओतून घेतली. 1995पासून खटपट चालू होती. 2019मध्ये 'लेडी ऑफ लेजंड', क्रमांक 2999, वाफेवर लोकांसमोर आलं.

बॅरीच्या त्या वाड्याचा मालक वुडहॅम. त्याने आधी मालडबे कापायला घेतले, कारण ते काम सोपं आणि सतत मिळणारं. इंजिनं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं गंजत उभी राहिली, आणि त्या उशिरामुळेच 213 इंजिनं वाचली. आपल्याकडे हे घडलं नाही. 16 एप्रिल 1853ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने सुरुवातीला व्हल्कन फाउंड्रीतून आणलेल्या आठ इंजिनांपैकी एकही आज नाही. मला याची खंत वाटते. आठांतल्या एकाचा सांगाडा जरी राहिला असता, तर आज कुणीतरी त्यावर काम करायला घेतलं असतं.

माथेरानच्या इंजिनांचं नशीब बरं. ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीची ती इंजिनं. 1907मध्ये आदमजी पीरभॉय घराण्याने बांधलेल्या दोन फुटी रुळांवर त्यांनी 1982पर्यंत गाड्या चढवल्या. त्यांतलं एक इंजिन इंग्लंडला गेलं, एक नेरळला पाहता येतं. आजोबांना एकदा काही दिवस नेरळच्या शेडला पाठवलं होतं. त्या इंजिनाचं त्यांना जन्मभर कौतुक. टोकाच्या चाकांचा आस पोकळ, त्याच्या आत दुसरा आस, मधे गोल सांधा. त्यामुळे घाटातल्या आखूड वळणावर चाकं थोडी वळू शकत, आणि तरीही ताकद पोचायची थांबत नसे. हे समजवायला त्यांनी मला सुपारीच्या झाडाचा पोकळ तुकडा, काठी आणि चेंडू घेऊन पडवीत बसवलं होतं. मला कळलं तेव्हा त्यांनी आजीला चहा टाकायला सांगितलं.

आराखड्यावर आसाचं माप येतं, धातूचा प्रकार येतो. स्टे किती जोरात वाजवायचा, रिव्हेट कोणत्या लालीला फेकायचा, हे कागदावर येत नाही. ते एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं, आणि शिकणारा नसेल तर तिथेच संपतं. सुटे भाग भंगारातून शोधता येतात. असा हात भंगारवाड्यात सापडत नाही.

आजोबा गेले तेव्हा त्यांच्या पेटीत हातोडी, एक तेलाचं भांडं आणि पितळी चावी सापडली. हातोडीचं डोकं एका बाजूने झिजून तिरकं झालेलं आहे. तिच्या वजनाचा, दांड्याच्या लांबीचा, झिजेचा तपशील मी लिहून ठेवला आहे. संगमेश्वरकडचे एक निवृत्त फायरमन अजून आहेत, त्यांच्याकडे जाऊन बसतो. कोळसा पसरून टाकायचा की ढिगाने, चढावर आग किती जाड ठेवायची, हे ते फावडं हातात घेतल्याशिवाय सांगत नाहीत. म्हणून हल्ली जाताना मी घरातलं एक फावडं बरोबर नेतो, आणि त्यांच्या नातीला मोबाइलवर चित्रण करायला सांगतो.